वाचक विचारतात : सिगेतचा किल्ला, तंबूत गेलेला सुलतान आणि १५६६ कडवी

मागच्या अंकात महाकाव्यांवरच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी जाता जाता लिहिलं होतं की हंगेरियन भाषेत किल्ला लढवण्यावर एक महाकाव्य आहे, ज्यात किल्ला पडतो, नायक मरतो, आणि तरी तिकडे त्याला सगळ्यात मोठं वीरकाव्य मानतात. तेवढ्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. बाकीच्यांनी, विशेषतः शुद्धलेखनाच्या नियमांवरून भांडणाऱ्या दोघांनी, पुढच्या महिन्यापर्यंत जरा दम धरा.

ताई, आधी नाव तर सांगा! आणि गोष्ट थोडक्यात नको, नीट सांगा. — एक वाचक, कराड

चुकलंच माझं. काव्याचं नाव 'सिगेति वेसेदेलेम', म्हणजे साधारण 'सिगेतवरचं अरिष्ट'. सिगेत म्हणजे बेट आणि वार म्हणजे किल्ला, म्हणून गावाचं नाव सिगेतवार. दक्षिण हंगेरीत पेच नावाच्या शहराच्या पश्चिमेला आहे. अल्माश नावाच्या ओढ्याच्या पाण्यात आणि दलदलीत उभा असलेला हा पाणकोट. आपला जंजिराही अरबी जझीरा, म्हणजे बेट, यावरूनच आलाय, तेव्हा नावापुरता तो त्यांचा जंजिराच समजा, फक्त समुद्राच्या जागी चिखल.

आधी इतिहासात काय झालं ते सांगते, मग काव्यात काय केलंय ते, कारण दोन्ही वेगळं आहे आणि मजा त्या फरकातच आहे. १५६६ साली तुर्कांचा सुलतान सुलेमान, ७१ वर्षांचा, संधिवाताने इतका आजारी की घोड्यावर नीट बसता येत नव्हतं, तरी १ मेला इस्तंबूलहून प्रचंड फौज घेऊन निघाला. फौजेचे आकडे वेगवेगळे सांगतात पण लाखाच्या आसपास किंवा वर धरा. समोर सिगेतवारमध्ये किल्लेदार मिक्लोश झ्रीनी आणि त्याची जेमतेम २३०० माणसं, क्रोएशियन आणि हंगेरियन. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वेढा पडला. कोटाचे तीन भाग होते, नवं गाव, जुनं गाव आणि आतला किल्ला, मध्ये पाणी आणि पूल. त्या वर्षी उन्हाळा कडक, पाणी आटलेलं. नवं गाव सोडावं लागलं, १९ ऑगस्टला जुनं गावही पडलं, मग राहिला फक्त किल्ला. झ्रीनीचा धनी, व्हिएन्नाचा सम्राट माक्सिमिलियन दुसरा, मोठी फौज घेऊन वर ग्योरजवळ बसला होता. तो आला नाही. शेवटी सप्टेंबरच्या ७-८ तारखेला, आत आग लागलेली, दारूगोळा संपत आलेला, तेव्हा झ्रीनीने चिलखत काढून ठेवलं, रेशमी भारी कपडे घातले, अंगरख्यात सोन्याची नाणी ठेवली (मला मारणाऱ्याने खिसा रिकामा होता म्हणू नये, हा त्यामागचा हिशोब), आणि उरलेली काही शे माणसं घेऊन पुलावरून बाहेर पडला. तिथेच मारला गेला. हे सगळं आपल्याला माहीत आहे कारण त्याचा एक खासगीतला कारभारी, फ्रान्यो च्रन्को, कैद होऊन पुढे सुटला आणि त्याने क्रोएशियन भाषेत वेढ्याची हकिगत लिहून ठेवली. नाण्यांसारखे तपशील उगाच कुणाला सुचत नाहीत, ते पाहिलेल्या माणसाचेच वाटतात.

आता काव्य. सुरुवात किल्ल्यावर नाही, स्वर्गात होते. देव हंगेरियन लोकांवर चिडलाय, शत्रूवर नाही, स्वतःच्याच लोकांवर, कारण ते धर्म विसरले, आपसात भांडत बसले. म्हणून तो देवदूत मायकेलला नरकातून अलेक्तो नावाची सूडदेवता बाहेर काढायला सांगतो आणि ती जाऊन सुलेमानच्या छातीत राग पेटवते. म्हणजे सुलेमान हा देवाच्या हातातला आसूड! पहिल्याच सर्गात कवी आपल्या वाचकांच्या कानाखाली काढतो आणि मग वीरकथा सांगायला घेतो. दुसऱ्या सर्गात झ्रीनी क्रूसापुढे प्रार्थना करतोय आणि क्रूसावरचा ख्रिस्त वाकून त्याला सांगतो की तू मरणार आहेस, पण तुझा आत्मा माझ्याकडे येईल. तेव्हा किल्ला वाचेल का हा सस्पेन्स तिथेच संपला. नायकाला शेवट माहीत, वाचकाला माहीत, पुढचे तेरा सर्ग तो माणूस मरणाकडे कसा चालत जातो एवढंच बघायचं.

मला सगळ्यात जास्त लागतो तो पाचवा सर्ग. झ्रीनी सैन्याकडून शपथ घेतो आणि स्वतःच्या मुलाला, ग्योर्गला, किल्ल्याबाहेर पाठवून देतो. पोराला बापाबरोबर मरायचंय. बाप म्हणतो, मी मेलो तर देशाला तू लागशील. आता लक्षात घ्या, कवी या नायकाचा पणतू आहे. ग्योर्ग वाचला म्हणून कवीचा जन्म झाला. स्वतःच्या आजोबांना किल्ल्याबाहेर काढायचा प्रसंग लिहिताना त्याला काय वाटलं असेल देव जाणे.

झ्रीनीने सुलेमानला स्वतःच्या हाताने ठार मारलं असं काव्यात आहे असं कळलं. मी ३० वर्षं इतिहास शिकवला, हे साफ खोटं आहे. सुलेमान आजारपणाने मेला. असल्या थापांना महाकाव्य म्हणायचं? — निवृत्त शिक्षक, नाशिक

सर, तुमचं बरोबर आहे आणि कवीलाही ते माहीत होतं, म्हणून तर हा प्रश्न मस्त आहे.

सुलेमान किल्ला पडायच्या जरासा आधी, ६ आणि ७ सप्टेंबरच्या मधल्या रात्री, आपल्या तंबूत वारला. वजीर सोकोल्लू मेहमेद पाशा भलता पक्का माणूस, त्याने ही बातमी दाबून टाकली, सुलतानाच्या नावाने हुकूम सुटत राहिले, सैन्य लढत राहिलं. शहजादा सेलीम येऊन पोचेपर्यंत, तब्बल ४८ दिवस, फौजेला कळू दिलं नाही. गंमत बघा, किल्ल्यावरच्या लोकांनाही कधीच कळलं नाही. ज्याच्याशी लढताना ते मेले तो त्यांच्या आधी गेला होता.

काव्यात मात्र पंधराव्या सर्गात झ्रीनी शेवटचा बाहेर पडतो, तुर्कांच्या बाजूने लढणाऱ्या तातार सरदार देलिमानला मारतो आणि सुलेमानलाही कापतो. मग तुर्क जवळ यायला धजत नाहीत, जानिसारी, म्हणजे सुलतानाचे खास पायदळ, लांबून गोळ्या घालतात, एक छातीत, एक कपाळात. देवदूत येऊन आत्मे घेऊन जातात.

पण कवीने प्रस्तावनेतच सरळ सांगून टाकलंय की मी इतिहासात कल्पित मिसळलंय, हे मी होमर आणि व्हर्जिलकडून शिकलो, आणि सुलेमानचा मृत्यू झ्रीनीच्या हातून झाला हे मी क्रोएशियन आणि इटालियन बखरींतून घेतलंय आणि तुर्क स्वतःही असं बोलतात. दुसरे इतिहासकार वेगळं लिहितात हेही तो तिथेच नमूद करतो. म्हणजे थाप मारणारा माणूस थापेवर लेबल लावून देतोय! माझं मत विचाराल तर मला हा बदल आवडत नाही म्हणून नाही, तर त्याची गरजच नव्हती म्हणून खटकतो. तंबूत मेलेला सुलतान, ती बातमी कळू न देणारा वजीर आणि काही न कळता पुलावरून बाहेर पडणारा माणूस, यापेक्षा जबरदस्त शेवट कुठला कवी रचणार? पण १६४५ च्या हिवाळ्यात लिहायला बसलेल्या त्या २५ वर्षांच्या सरदाराला असला उपरोध नको होता. त्याच्या घरापासून थोड्या अंतरावर तुर्की ठाणी होती. त्याला वाचकाने तलवार उचलायला हवी होती.

कवीचं नाव मिक्लोश झ्रीनी आणि नायकाचंही तेच, हा छापण्याचा घोळ आहे का? — एक वाचक, ठाणे

छपाईचा घोळ नाही, घराण्याची सवय. पणजोबांचं नाव पणतूला. कवी झ्रीनी १६२० चा, लहानपणीच पोरका झाला, कार्डिनल पाझ्मान्यच्या देखरेखीखाली वाढला, तरुणपणी इटलीत फिरला, तिथे तासो हा इटालियन महाकवी वाचला आणि वेडा झाला. काव्यावर तासोची आणि व्हर्जिलची छाप जागोजागी दिसते, तो लपवतही नाही. १६४७ मध्ये तो क्रोएशियाचा बान, म्हणजे सुभेदारासारखा सर्वोच्च अधिकारी झाला, पणजोबाही एकेकाळी बानच होते. काव्य १६५१ मध्ये व्हिएन्नात छापलं, 'एड्रियाटिक समुद्राची सायरन' अशा अर्थाच्या नावाच्या संग्रहात, आणि शेवटच्या कडव्यांत तो म्हणतो की मी कीर्ती नुसत्या लेखणीने नाही तर तलवारीनेही मिळवणार. बऱ्याच कवींनी असलं काही लिहिलं की आपण हसून सोडून देतो. याने १६६४ च्या थंडीत, ऐन फेब्रुवारीत, तुर्की मुलखात खोल घुसून ओसियेकचा लांबलचक लाकडी पूल जाळला, ज्यावरून तुर्की फौजा हंगेरीत यायच्या.

१५६६ कडवी आणि साल १५६६ हा योगायोग का? आणि ते पोवाड्यासारखं गाता येतं का? — लोककलेची अभ्यासक, कोल्हापूर

पंधरा सर्ग, १५६६ कडवी. मुद्दामच केलं असणार असं बहुतेक मानतात आणि मलाही तसंच वाटतं, कारण एवढा नेमका आकडा आपोआप येत नाही.

गाता येण्याबद्दल, नाही. म्हणजे कडव्याचा साचा जुन्या हंगेरियन गाण्यांचाच आहे, चार ओळी, प्रत्येकीत बारा अक्षरं, मध्ये सहावर थांबा, आणि चारही ओळींना एकच यमक. आपल्या ओवीत पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा मोकळा सुटतो, तो श्वास इथे मिळत नाही. चार वेळा एकच यमक, असं दीड हजार कडवी, म्हणजे यमक जुळवताना कवीची दमछाक होते आणि ती कळते. तो स्वतःच कबूल करतो की मी हे एका हिवाळ्यात लिहिलं आणि परत दुरुस्त केलं नाही. शिवाय क्रोएशियन, तुर्की, लॅटिन शब्द बिनधास्त वापरलेत आणि त्याबद्दलही प्रस्तावनेत सांगून ठेवलंय. त्यामुळे ओळी खडबडीत आहेत, पुढे कित्येक वर्षं लोकांनी त्याकडे पाठ फिरवली, एकोणिसाव्या शतकात काझिन्त्सी या हंगेरियन लेखकाने त्याची कामं पुन्हा छापली आणि यानोश आरान्यसारख्या मोठ्या कवीने तासोशी तुलना करून लिहिलं तेव्हा कुठे त्याची खरी किंमत झाली.

पोवाडा दरबारात, मैदानात, डफावर उभा राहतो, हे वाड्यात ग्रंथालयात बसून पाहुण्यांना वाचून दाखवायचं काव्य आहे. पण हेतू बघितला तर दोघं चुलतभाऊ. आणि काळही एकच, बरं का. हे पुस्तक व्हिएन्नात छापून आलं तेव्हा इकडे शिवाजी महाराज एकविशीत होते.

मुलगा झाग्रेबमध्ये नोकरीला आहे. त्याला तुमच्या सदराबद्दल सांगितलं तर त्याचा ऑफिसातला मित्र चिडला, म्हणाला झ्रीनी हंगेरियन नाहीच, तो आमचा झ्रिन्स्की. आता खरं काय? — एक आई, पुणे

मित्राला सांगा, दोन्ही खरं. घराणं क्रोएशियन मुळाचं, नायकाला तिकडे निकोला शुबिच झ्रिन्स्की म्हणतात, किल्ल्यावरचे बरेचसे सैनिक क्रोएशियन, आणि घराण्याचा वाडा चाकोवेत्सला, जे आज क्रोएशियात आहे. त्या काळी क्रोएशिया आणि हंगेरी एकाच राजमुकुटाखाली होते, त्यामुळे या लोकांना 'तू नक्की कोण' हा प्रश्न आपल्याइतका पडत नव्हता. कवीने हंगेरियनमध्ये लिहिलं, आणि त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाने, पेतारने, तेच काव्य क्रोएशियनमध्ये आणलं, ते १६६० मध्ये व्हेनिसला छापलं. एका घरात दोन भाऊ, एकच गोष्ट, दोन भाषा. बेळगावकडच्या घरांत एक भाऊ मराठीत कविता करतो आणि दुसरा कन्नडमध्ये, त्यांना हे समजवायला लागणार नाही.

क्रोएशियात तर १८७६ मध्ये इव्हान झायत्सने याच नायकावर ऑपेरा केला, त्यातलं शेवटचं 'युद्धाला चला' हे समूहगान तिकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. मुलाला म्हणावं मित्राला ते गायला लाव, राग जाईल.

तुर्कांना राक्षस म्हणूनच रंगवलंय का? आणि एवढ्या सगळ्यात बायका कुठे आहेत? — एक वाचक, औरंगाबाद

इथे कवी मला खरंच आवडतो. सीमेवर वाढलेला माणूस, तुर्की येत होतं त्याला, आणि शत्रूला तो नीट ओळखतो. त्याचा सुलेमान शहाणा, शूर, थोर सेनापती आहे, एवढंच की निर्दय आहे. तिसऱ्या सर्गात एक तुर्की पोरगा आपल्या पाशाच्या तंबूत बसून नशीब किती चांगलं आहे, प्रेम कसं फळलंय, ऋतू कसे छान जातात असं गाणं म्हणतो, आणि ते इतकं गोड आहे की वाचताना आपण विसरतो हे शत्रूच्या छावणीत चाललंय. आणि लगेच पुढे झ्रीनी त्या छावणीवर छापा घालतो. त्या गाण्यानंतर तो छापा वाचताना पोटात खड्डा पडतो. कवीला तेच हवं होतं का, यावर मी वर्षभर विचार करतेय.

देमिरहाम हा तुर्की वीर आणि देली विद हा झ्रीनीचा वीर, या दोघांचं द्वंद्व अनेक सर्ग चालतं, मध्येच मोडतं, परत ठरतं. तुर्की सरदारांत आपसात भांडणं आहेत, हेवेदावे आहेत. तातार देलिमानचं सुलेमानच्या मुलीवर, कुमिल्लावर प्रेम आहे आणि ते वाईट संपतं. आणि बायका म्हणाल तर विदची बायको बार्बाला! नवरा तुर्की छावणीत अडकला म्हटल्यावर ती रडत बसत नाही, पुरुषाचा वेष करून हत्यार घेऊन त्याला शोधायला छावणीत शिरते. बारका प्रसंग आहे पण मला वाटतं अख्ख्या काव्यात सगळ्यात जिवंत बाई तीच.

एक अजून. तुर्क वैतागून वेढा उठवायच्या बेतात आलेले असताना किल्ल्यातून सोडलेलं टपालाचं कबूतर ससाण्याच्या भीतीने थेट तुर्की तंबूत पडतं आणि पत्रावरून किल्ल्याची हालत किती वाईट आहे हे शत्रूला कळतं. एवढ्या देवदूत-सूडदेवतांच्या धुमाकुळात शेवटचा निकाल लागतो एका पाखरामुळे.

मुरारबाजी देशपांडे आणि झ्रीनी यांची तुलना होईल का? — एक वाचक, सासवड

सासवडहून हा प्रश्न येणार हे मला माहीतच होतं. पुरंदर, १६६५, दिलेरखानाचा वेढा, मुरारबाजी निवडक माणसं घेऊन बाहेर पडतो आणि लढता लढता पडतो. दिलेरखानाने कौल देऊ केला आणि त्याने तो झिडकारला असं सभासद सांगतो. झ्रीनीलाही तुर्कांनी आमिषं दाखवली होती, बाणांना चिठ्ठ्या बांधून आत सोडल्या होत्या. इथपर्यंत जुळतं. पुढे नाही. मुरारबाजी पडल्यावरही गड झुंजत राहिला, सिगेतवार त्याच दिवशी संपलं. आणि मुरारबाजीच्या मागे निर्णय घेणारा राजा जागा होता, झ्रीनीचा सम्राट फौज घेऊन ग्योरला बसून राहिला. काव्यात जो राग आहे ना, त्यातला निम्मा त्या न आलेल्या मदतीवरचा आहे असं मला वाटतं, नाव न घेता.

तिकडे बघायला काय आहे? काव्य इंग्रजीत मिळतं का? — दोघा-तिघांचा एकच प्रश्न

इंग्रजी पद्यानुवाद २०११ मध्ये अमेरिकेत निघाला, मिळतो. मराठीत कुणी करत असेल तर मला कळवा, मी ओव्यांचा हट्ट धरणार आहे.

सिगेतवारला किल्ला आहे, आणि गावाबाहेर तुर्की-हंगेरियन मैत्री उद्यान आहे, १९९० च्या दशकातलं, तिथे सुलेमान आणि झ्रीनी यांचे पुतळे शेजारी शेजारी उभे आहेत. जवळच्या तुर्बेकच्या द्राक्षमळ्यांच्या टेकडीवर सुलेमानच्या समाधीच्या इमारतींचे अवशेष गेल्या दहा-बारा वर्षांत खणून काढलेत. त्याचं हृदय आणि आतडी तिथे पुरली असं जुनं सांगणं आहे, बाकी देह इस्तंबूलला नेला. झ्रीनीचं शिर तुर्कांनी सम्राटाच्या छावणीकडे पाठवलं आणि ते चाकोवेत्सजवळच्या मठात पुरलं. म्हणजे दोघंही अर्धे अर्धेच इथे आहेत.

कवी रानडुकराने मारला हे खरं का? नेटवर वाचलं, हसू आलं. — कॉलेज विद्यार्थी, लातूर

खरं आहे रे. १८ नोव्हेंबर १६६४, चाकोवेत्सजवळच्या जंगलात शिकारीत जखमी डुकराने त्याला फाडलं. वय ४४. तीनच महिन्यांपूर्वी ऑगस्टमध्ये सम्राटाने जिंकत आलेलं युद्ध सोडून वाश्वारला तुर्कांशी तह केला होता आणि झ्रीनी त्यावर भयंकर संतापलेला होता, त्यामुळे डुक्कर कसलं, व्हिएन्नाच्या दरबाराची गोळी, अशी कुजबुज तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे. सोबतच्यांनी लिहून ठेवलेली हकिगत मात्र डुकराचीच आहे.

भाऊ पेतार, तो क्रोएशियन अनुवादवाला, सम्राटाविरुद्ध कटात सापडला आणि ३० एप्रिल १६७१ ला त्याचं डोकं उडवलं. आणि त्या पेतारची मुलगी इलोना, तिने १६८५ पासून जवळपास तीन वर्षं मुंकाचचा किल्ला सम्राटाच्या फौजेविरुद्ध लढवला. खापरपणजोबा सम्राटासाठी किल्ल्यात मेले, ही सम्राटाशीच लढली.